काडेपेटीभर रुई

भरलेल्या मंगल कार्यालयात, जिल्ह्यातल्या सगळ्या फोटोग्राफरांसमोर, मी एका खरं बोलणाऱ्या माणसाला खोटं ठरवलं. त्यासाठी फार काही करावं लागलं नाही. कापसाची चिमूटभर रुई पुरली. ते खरं बोलताहेत हे त्या सभागृहात फक्त मला माहीत होतं, आणि हसणाऱ्यांत मीच सगळ्यांत पुढे होतो. हे आधीच सांगून टाकतो. पुढे त्यांच्याबद्दल जे लिहिणार आहे ते वाचताना हसू येईल. खुशाल हसावं, त्यांना ते आवडायचं. फक्त शेवटी शेवटी जे हसू येईल, त्याला कारण मी आहे एवढं लक्षात असू द्यावं.

त्यांना सगळे काकाजी म्हणत. ढाणकीच्या बाजाररस्त्यावर एका आडत दुकानाला लागून त्यांचा फोटो स्टुडिओ होता. मागे घर, पुढे स्टुडिओ, आणि मधल्या भिंतीत एक रुंद खिडकी. मी तेव्हा यवतमाळहून एसटीनं फिरणारा फिल्मचा एजंट होतो. खांद्याला बॅग आणि बॅगेत निरनिराळ्या नावांच्या फिल्मचे डबे. कापसाचे भाव पडलेले ते दिवस. दर महिन्याला नवी योजना निघायची आणि प्रत्येक योजनेच्या अर्जाला फोटो लागायचा. त्यामुळे बाजारात बाकी सगळं थंड असताना कृष्णधवल पासपोर्ट फोटोंचा धंदा मात्र तेजीत होता. आम्हा एजंटांचीही त्यात चलती होती.

पहिल्यांदा त्यांच्या दुकानात गेलो तेव्हा मी पाठ केलेलं सुरू केलं, अमक्या देशाची फिल्म, तमकं नाव, एवढी सूट. काकाजींनी मला हातानं थांबवलं.

"डब्याचं नाव मले वाचता येते, बाबू. आतल्या फिलमचा बाप कोन, थे सांग."

मला प्रश्नच कळला नाही. मी म्हटलं, "डब्यावर लिहिलंय ना, काकाजी."

"डब्यावर डबेवाल्याचं नाव असते." त्यांनी मला स्टुलावर बसवलं आणि चहा सांगितला. "ऐक. फिलम म्हंजे पट्टी. तिच्यावर चांदीच्या मसाल्याचा लेप. थो लेप चढवनारे कारखाने साऱ्या दुनियेत मोजके. बाकीचे त्यायच्याकडून मोठाले रीळ आनतात, कापतात, डब्यात भरतात अन् आपलं नाव छापतात. लेप चढवते थो विनकर. कापून भरते थो शिंपी. शिंप्यानं कॉलरले आपली चिठ्ठी लावली, म्हून कापड त्यानं विनलं काय?"

मी नाही म्हणालो. ते खूश झाले. त्या दिवशी त्यांनी माझ्याकडून एकही डबा घेतला नाही, पण मला जेवू घातलं.

विणकर ओळखण्याची त्यांची एक रीत होती. फिल्मच्या डबीतून जे टोक बाहेर आलेलं असतं, त्याला ते जीभ म्हणत. नवी फिल्म आली की ते वैद्यासारखे म्हणत, "जीभ दाखव." मग त्या टोकाचा बोटभर तुकडा कापून काचेच्या ग्लासात पाण्यात सोडत आणि ग्लास खिडकीत ठेवून देत. जिभेचं ते टोक उजेडानं आधीच वाया गेलेलं असतं, त्यामुळे नुकसान काही नाही. थोड्या वेळानं पाण्याला रंग चढायचा. कुठल्या फिल्मचा जांभळा, कुठल्या फिल्मचा मोरपंखी, कुठल्या फिल्मचा फिकट गुलाबी. प्रत्येक कारखान्याचा रंग वेगळा, असं ते सांगत. मग दोन वेगळ्या नावांच्या, किमतीत दुपटीचा फरक असलेल्या डब्यांचे दोन ग्लास एकाच रंगाचे निघाले की काकाजी टाळी वाजवून काकूंना हाक मारत. "पाय वं, हे दोघं सख्खे भाऊ निघाले."

काकू आतून म्हणत, "निघाले असन. माया चहाचे ग्लास कवा निघतीन?"

हे वेड फिल्मपुरतं नव्हतं. साबण, बिस्किटं, छत्री, सगळ्याचा बाप त्यांना हवा असे. त्या वर्षांत कपाशीच्या बियाण्याची नवनव्या नावांची पाकिटं बाजारात येत. काकाजींकडे टीचभर जमीन नव्हती, तरी ते कृषी केंद्रात उभे राहून पाकिटाच्या मागची बारीक अक्षरं वाचत बसायचे. कोणी बनवलं, कोणी भरलं, कोणी विकलं. दुकानदार एकदा वैतागून म्हणाला, "काकाजी, तुमाले पेरायचं हाय का चौकशी करायची हाय?"

"पेरनाऱ्याले टाइम नाई," काकाजी म्हणाले, "म्हून चौकशी मी करून राह्यलो."

त्यांच्या मुलीला पाहायला पाहुणे आले, तो किस्सा ढाणकीत अजून सांगतात. मुलाचा फोटो आधीच आला होता आणि तो यवतमाळच्या एका चांगल्या स्टुडिओत काढलेला होता. काकाजी मध्यस्थाला म्हणाले, "पाकीट झकास हाय. आता बनवनाऱ्याले घेऊन या." म्हणून मुलाचे वडील स्वतः आले. उन्हातून आलेले. खिडकीत रंगीत ग्लासांची रांग. त्यांना वाटलं सरबत आहे, आणि कोणी काही म्हणायच्या आत त्यांनी जांभळ्या ग्लासातला एक घोट घेतला. काकूंनी कपाळाला हात लावला. पाहुणे थोडा वेळ विचार करून म्हणाले, "साखर कमी हाय."

लग्न जमलं. पुढे कित्येक वर्षं काकाजी सांगत, सोयरा पक्का माणूस आहे, इंग्लंडची फिल्म पचवून बसला आहे.

हे सगळं मी मजेत सांगतो आहे, पण या मजेमागे एक गोष्ट होती, ती सांगायला हवी. ढाणकी, उमरखेड, महागाव, पुसद, या सगळ्या भागातले फोटोग्राफर लग्नाच्या किंवा जयंतीच्या मिरवणुकीच्या कामाला नवी फिल्म घालण्याआधी तिची जीभ काकाजींच्या ग्लासात पाहून घेत. काकाजी होय म्हणाले की घालत. त्यांना त्याचे पैसे मिळत नसत. स्टुडिओ बेताचाच चाले. पण "काकाजी म्हणतात" हे दोन शब्द त्या भागात चालत, आणि तीच त्यांची कमाई होती. मी त्यांच्या दुकानात बसून हे रोज पाहत होतो. मला ते शिकवत होते. मी दुसऱ्या एजंटांपेक्षा जास्त माल विकायचो, कारण विणकर आणि शिंपी यांतला फरक मला त्यांनी समजावला होता.

आणि तो फरक समजल्यावर मी शिंपी व्हायचं ठरवलं.

यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या एमआयडीसीत एक शेड भाड्यानं मिळालं. मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून फिल्मची मोठी रिळं आणायची, अंधाऱ्या खोलीत कापायची, छोट्या डब्यांत गुंडाळायची आणि वर आपलं खोकं. खोक्यावर मी बर्फाचा डोंगर छापला आणि एक असं नाव, जे उच्चारताना जर्मनीत असल्यासारखं वाटावं. ही आपण इथे भरलेली फिल्म आहे, असं सांगून विकली असती तरी चालली असती. स्वस्त होती, बरी होती. पण ती विदेशातून येते आणि मी नुसता तिचा एजंट आहे, असं मी सांगितलं. तेवढ्या एका वाक्यानं किंमत वाढत होती.

ते शेड आधी जिनिंगवाल्याचं होतं, तिथे कापसातली सरकी काढून रुई वेगळी करत. कापसाचं काम बंद पडलं म्हणून रिकामं झालं होतं. फिल्म गुंडाळायला मी ज्या बाया ठेवल्या त्याही आधी तिथेच कापूस ओढणाऱ्या. आम्ही शेड झाडलं, धुतलं, चुना मारला. पण वर तुळयांवर वर्षांनुवर्षांची रुई बसलेली. दिवसा दार उघडलं की उन्हाच्या पट्ट्यात ती तरंगताना दिसे. अंधारात दिसत नसे, एवढंच.

काकाजींनी माझ्या फिल्मचीही जीभ पाहिली होती; रंग ओळखीचा निघाला नाही, पण फोटो बरे आले म्हणून ते होय म्हणाले होते. ती विकायला लागून एक हंगाम झाला असेल, आणि काकाजींना फोटोंत काळे धागे दिसू लागले.

छापताना धूळ पडली तर फोटोवर पांढरा डाग येतो. फोटो काढण्याआधीच फिल्मवर काही पडलेलं असलं तर काळा येतो. हे कोणत्याही फोटोग्राफरला माहीत असतं. काकाजींना पासपोर्ट फोटोत कोणाच्या गालावर, कोणाच्या कपाळावर केसासारखी बारीक काळी वेलांटी दिसू लागली. आधी त्यांनी कॅमेरा साफ केला. मग दुसऱ्याचा कॅमेरा आणला. वेलांट्या तशाच. मग त्यांनी भिंग घेऊन माझ्या फिल्मच्या डबीचं तोंड पाहिलं. उजेड आत जाऊ नये म्हणून त्या तोंडाला मखमलीची पट्टी असते. त्या मखमलीत रुईचा धागा अडकलेला होता. दुसऱ्या डबीत पाहिलं, तिथेही.

काकाजी चिमट्यानं ते धागे काढून काडेपेटीत जमवू लागले. आजूबाजूच्या सगळ्या स्टुडिओंतून माझ्या रिकाम्या डब्या मागवल्या. काडेपेटी भरत आली तेव्हा ती खिशात घालून ते कापूस खरेदी केंद्रावर गेले.

ते दिवस ज्यांनी पाहिलेत त्यांना ग्रेडर म्हणजे काय ते सांगायला नको. गाड्यांची रांग लागलेली, माणसं रांगेतच स्वयंपाक करून झोपलेली, आणि ग्रेडर कापसाची चिमूट बोटांत ओढून एका शब्दात कोणाच्या वर्षाचा निकाल लावणार. काकाजी त्या रांगेत दोन बैलगाड्यांच्या मध्ये उभे राहिले. पुढच्या गाडीवाल्यानं विचारलं, "गाडी कोठी हाय जी?"

"खिशात," काकाजी म्हणाले.

नंबर आला. ग्रेडरनं मान वर न करता विचारलं, "किती क्विंटल?"

"काडेपेटीभर."

रांग हसली. ग्रेडर चिडला असता, पण काकाजींनी त्याच्या मुलीच्या वाढदिवसाचे फोटो काढले होते. त्यानं पेटी उघडली, धागे दोन्ही हातांच्या बोटांत धरून ओढले, जुळवले, पुन्हा ओढले. "आपल्याच भागाची हाय. आखूड धागा. कोनाचा माल हाय हा?"

"जर्मनीचा."

ग्रेडरनं पहिल्यांदा मान वर केली. "जर्मनीत कापूस पिकते काय, काकाजी?"

हे सगळं काकाजींनी मलाच येऊन सांगितलं. त्यांच्या दुकानात, त्याच स्टुलावर मी बसलेलो. त्यांचा चेहरा उजळला होता. पण मला काळजीच्या आवाजात म्हणाले, "बाबू, तुले कोनी तरी फसवून राह्यलं. तू भोळा. तुया कंपनीचा माल अथीच कोठी तरी भरतात, जिनिंगच्या आसपास. तू बदनाम होशीन. यवतमाळच्या सभेत मी उठून सांगतो, म्हंजे तुयावर आळ नाई येनार."

मी चहा घेतला. होय म्हणालो. त्यांनी मला वाचवायचं ठरवलं होतं आणि मी तिथे बसून, त्यांना कसं अडवायचं याचा विचार करत होतो.

सभा म्हणजे जिल्ह्याच्या फोटोग्राफरांचं वार्षिक संमेलन. त्या सकाळी मी शेडमधूनच तिकडे गेलो. लांब बाह्यांचा शर्ट. काकाजी उठले, काडेपेटी वर धरली आणि शांतपणे सगळं सांगितलं. काळे धागे, मखमल, ग्रेडर. सभागृह ऐकत होतं, कारण काकाजी बोलत होते. माझ्या बाजूला बसलेला पुसदचा माणूस म्हणाला, "मायाही फोटोत येतात बे हे धागे." तेव्हा मी उठलो.

मी हसत हसत त्यांच्याकडे गेलो. माझ्या बाहीच्या आतल्या बाजूला रुई चिकटलेली होती, ती मला जिना चढताना दिसली होती. चालताना ती मी बोटांत घेतली. काकाजींच्या खांद्यावर हात ठेवला आणि उचलला तेव्हा चिमटीत रुई होती. ती सगळ्यांना दाखवली.

"काकाजी, अख्ख्या जिल्ह्याच्या हवेत रुई, त्यात तुमचं दुकान आडतीला लागून. दारात दिवसभर कापसाच्या गाड्या. ही पाहा, तुमच्या खांद्यावर बसून यवतमाळपर्यंत आली. फिल्ममध्ये जर्मनीतून आली की तुमच्या अंगावरून?"

सभागृह हसलं. वाईट भावनेनं नव्हे, माणसं जशी हसतात तसं हसलं. काकाजींनी माझ्या चिमटीकडे पाहिलं, मग आपल्या खांद्याकडे. आणि तेही हसले. खांदा झटकला, काडेपेटी खिशात ठेवली आणि खाली बसले.

मला वाटलं होतं ते भांडतील. तेवढी तयारी मी केली होती. पण त्यांना ते पटलं. जो माणूस कोणाचंही नाव विश्वासावर घेत नसे, त्यानं माझ्या हातातली रुई विश्वासावर घेतली.

त्यानंतर खिडकीतले ग्लास गेले. कोणी जीभ दाखवायला आलं तर काकाजी म्हणत, "मायी नजर खोटी निघाली. आंगावरची रुई मले दिसली नाई, तर तुयी फिलम काय दिसन?" आणि वर माझं कौतुक. "पोट्ट्यानं भर सभेत बरोबर पकडलं."

मग त्यांनी कापूसच सोडला. ढाणकीसारख्या गावात. सुती शर्ट, धोतर, बनियन, सगळं गेलं. ऐन वैशाखात टेरिलीनचा शर्ट आणि टेरिलीनची पँट घालून ते घाम पुसत बसत, आणि पुसायलाही नायलॉनचा रुमाल, ज्यानं घाम फक्त इकडचा तिकडे होई. डार्करूममध्ये शिरण्याआधी अंगावरून ओला टॉवेल फिरवत. हंगामात कापसाची गाडी दिसली की रस्ता ओलांडून पलीकडे जात. गावातली पोरं गाडी येत नसतानाही ओरडत, "काकाजी, गाडी आली." काकाजी पलीकडे जात. गाव त्यांना हसे, तेही हसत, आणि मी यवतमाळला बसून हे सगळं ऐकत असे.

माझी फिल्म आणखी थोडे दिवस चालली. मग रंगीत लॅब आल्या, मग डिजिटल आलं, आणि शेड बंद झालं. ज्यासाठी खोटं बोललो ते उरलं नाही, खोटं उरलं. ढाणकीकडे जाणारी एसटी पाहिली तरी मी मान फिरवत असे.

गेल्या वर्षी माझी मुलगी पुण्याहून आली. आजकाल पोरांना पुन्हा फिल्मचं वेड लागलं आहे. तिच्याकडे एक देखणं खोकं होतं, वर वाघाचं चित्र, किंमत ऐकून मी बसलोच. तिनं विचारलं, "बाबा, ही नक्की बनवतं कोण? नेटवर सगळे भांडताहेत. प्रत्येक जण वेगळं सांगतो." मला उत्तर येत नव्हतं. पण ज्यांना येईल ते मला माहीत होते. तिनं त्यातला एक रोल मला दिला आणि तो घेऊन मी ढाणकीला गेलो.

स्टुडिओच्या जागी झेरॉक्सचं दुकान झालं होतं. काकाजी त्यातच कोपऱ्यात खुर्चीवर बसले होते, टेरिलीनच्या शर्टात, वारा घेत. मला लगेच ओळखलं. "बाबू, किती दिवसानं गा." मी रोल पुढे केला. त्यांनी तो हातात घेतला, जीभ अंगठ्यानं चाचपली आणि परत दिला. "नाई बाबू. थे मी सोडलं. तुले तर माहीत हाय, काहून सोडलं."

मग मी सांगितलं. लोहाऱ्याचं शेड, मोठी रिळं, बर्फाचा डोंगर, बाहीतली रुई. एकदा सुरू केल्यावर मी थांबलो नाही, कारण थांबलो असतो तर पुन्हा सुरू करता आलं नसतं.

त्यांनी आपल्या खांद्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "म्हंजे खांद्यावर नव्हती?"

"नव्हती, काकाजी."

"ग्रेडर बरोबर होता?"

"ग्रेडर बरोबर होता. तुम्ही बरोबर होता."

त्यांनी हळूच शर्टाचं वरचं बटन काढलं, मग त्याखालचं. रागावले असतील असं वाटून मी मान खाली घातली. पण ते आत वळून काकूंना हाक मारत होते. "ऐकलं काय वं? एक ग्लास आन. काचेचा."

काकूंनी दारातून सगळं ऐकलं होतं. त्यांनी ग्लास आणला, पाण्यानं भरून ठेवला, आणि माझ्यासमोर उभ्या राहिल्या. काकाजींनी तोवर कात्रीनं जीभ कापून पाण्यात सोडली होती आणि डोळे ग्लासाला लावले होते.

"बाबू," ते वर न पाहता म्हणाले, "थे तुये मोठाले रीळ. थे कोन बनवत होतं?"

"मला माहीत नाही, काकाजी. मी कधी विचारलंच नाही."

त्यांनी मान हलवली. सगळ्या हकिकतीत त्यांना तेवढंच वाईट वाटल्यासारखं दिसलं. पाण्यात हिरवट निळा रंग उतरत होता. "झेक लोकायचा माल दिसते," ते पुटपुटले. "वाघ शिंप्याचा हाय. पोरीले सांग."

"पोरीले मंग सांगजो," काकू म्हणाल्या. "आधी मायं ऐक. यायनं तर कपडे बदलले. मी घरातल्या साऱ्या गाद्या गादीवाल्याले देऊन टाकल्या. मायच्या हातच्या गोधड्या देल्या. दोन टाइम घर ओल्या फडक्यानं पुसलं, अन् लोकायनं मले ओल्या फडक्याची म्हून हसलं. माफी मागाची असन तर मायी माग. अन् अथी घरात नाई. भर सभेत म्हनलं होतं ना? मंग तथी उंबरठ्यावर उभा राय."

बाजाराचा दिवस होता. आडतीसमोर हमाल बसलेले, समोर चहाची गाडी, येणारे जाणारे. मी उंबरठ्यावर जाऊन उभा राहिलो. पहिले शब्द मी पुटपुटलो. काकू मागून म्हणाल्या, "मोठ्यानं."

"मी यवतमाळचा," मी रस्त्याकडे तोंड करून म्हणालो. "संमेलनात काकाजींच्या खांद्यावरून काढून दाखवलेली रुई त्यांची नव्हती, माझ्या बाहीची होती. ती फिल्म मीच लोहाऱ्याला भरत होतो. काकाजी म्हणाले ते सगळं खरं होतं." चहावाल्यानं स्टोव्ह बारीक केला. मी वळलो, काकूंच्या पाया पडलो आणि म्हणालो, "काकू, मी चुकलो. मला माफ करा."